नातवाचं नाव ‘यान’ ठेवू द्यावं का?

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी मिरजेला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी नोकरीनिमित्त झेक प्रजासत्ताकात, ब्रनो शहरात असते. तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं आहे. जावई स्वभावाने चांगला आहे, आमच्याकडे आला की हौसेने पाटावर बसून जेवतो. आता मुलीला सातवा महिना लागला आहे. मुलगा आहे हे तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दोघांनी नावही ठरवून टाकलं : यान. जावयाच्या आजोबांचं नाव. जे-ए-एन असं लिहायचं आणि यान म्हणायचं.

घरात सांगितलं तेव्हा दीर म्हणाले, ‘यान? म्हणजे चांद्रयानातलं?’ जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, हे बायबलातलं नाव. नातू ख्रिश्चन झाला म्हणायचा!’ भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की त्यापेक्षा ‘इवान’ ठेवा, ते संस्कृत आहे आणि तिकडेही चालतं. मी फोनवर मुलीला तसं सुचवलं, तर ती गप्पच झाली. तेव्हापासून नावाचा विषय ना ती काढते, ना मी. बाळंतपणाला मीच जाणार आहे. हे नाव मुळात कुणाचं, त्याचा अर्थ काय, आणि मी आता काय करावं?

— एक आजी, मिरज

उत्तर :

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं तुम्हाला निवांत वाचता येईल. नाव यानच राहू द्या. इवानचा आग्रह सोडा. का, ते सांगायचं तर या नावाची हकिकतच सांगावी लागेल, कारण दिरांच्या, जाऊबाईंच्या आणि भाच्याच्या बोलण्याला उत्तर त्या हकिकतीत आहे. लेक गप्प का झाली असेल तेही त्यातच आहे.

यान म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला जॉन. मराठी बायबलात तोच योहान. मूळ नाव हिब्रू भाषेतलं, योहानान. त्याचं आणखी जुनं रूप येहोहानान. ‘याहवेने कृपा केली’ असा त्याचा अर्थ. याहवे हे ज्यूंच्या देवाचं नाव. तेव्हा जाऊबाईंना पहिली गोष्ट ही सांगा, की हे नाव ख्रिस्ती धर्माहून पुष्कळ जुनं आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं, त्या काळच्या हकिकतींत योहानान नावाचा एक ज्यू सरदार येतो. पुढे इ.स.पू. १३४ ते १०४ अशी तीस वर्षं जेरुसलेमवर ज्याने राज्य केलं, त्या हिर्कानसचंही नाव योहानानच. येशूचा जन्म यानंतरचा.

पण जाऊबाई अगदीच चुकीचं बोलल्या असंही नाही. हे नाव जगभर गेलं ते बायबलातल्या दोन माणसांमुळे. एक येशूचा शिष्य योहान आणि दुसरा बाप्तिस्मा करणारा योहान. या दुसऱ्याच्या बारशाची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे आणि ती मी तुम्हाला मुद्दाम सांगते. अलीशिबा आणि जखऱ्या हे म्हातारं जोडपं. उतारवयात मूल झालं. आठव्या दिवशी सुंता करायला सगळे नातेवाईक, शेजारीपाजारी जमले आणि बाळाला बापाचंच नाव, जखऱ्या, ठेवायला निघाले. आई म्हणाली, नाही, याचं नाव योहान. नातेवाईक म्हणाले, तुमच्या नात्यागोत्यात या नावाचा कुणीच नाही! मग बापाला खुणांनी विचारलं, कारण त्याची वाचा गेलेली होती. त्याने पाटी मागवली आणि तिच्यावर लिहिलं, ‘याचं नाव योहान आहे.’ त्याच क्षणी त्याला पुन्हा बोलता यायला लागलं.

म्हणजे ‘आमच्यात असं नाव नसतं’ हा आक्षेप या नावाला त्याच्या सगळ्यांत प्रसिद्ध बारशातच घेतला गेला होता. तिथेही आईचं ऐकलं गेलं.

याच योहानाला इस्लामही मानतो. अरबीत त्याचं नाव याह्या, आणि कुराणातल्या मरियम सूरेत म्हटलंय की हे नाव यापूर्वी कुणालाच दिलेलं नव्हतं. १९७१च्या युद्धाच्या बातम्या आठवत असतील तर पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष याह्या खान आठवतील. ते नाव हेच. ज्यू योहानान, ख्रिस्ती योहान, मुसलमान याह्या. तीन धर्मांनी आपलं मानलेलं नाव आहे हे. नावाने मूल कुठल्या धर्माचं होत नाही; ख्रिस्ती व्हायचं तर बाप्तिस्मा घ्यावा लागतो. आणि तुमच्या जावयाचा देश म्हणजे युरोपातल्या सगळ्यांत कमी धार्मिक देशांपैकी एक. तिथे कधीही चर्चची पायरी न चढलेले असंख्य यान आहेत. त्यांच्यासाठी हे आजोबांचं नाव असतं, काकाचं नाव असतं, शेजारच्या मुलाचं असतं. मुलाला कुठल्या धर्मात वाढवायचं की कुठल्याच नाही, हा प्रश्न खरा आहे आणि तुम्हाला त्याची काळजी वाटत असेल तर लेक-जावयाशी सरळ बोला. पण तो प्रश्न नावाच्या आडून विचारू नका.

आता हे नाव फिरलं कसं ते पाहा, कारण मला त्यात फार गोडी वाटते आणि तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हालाही वाटेल. हिब्रू योहानानचं ग्रीकांनी इओआनेस केलं, लॅटिनमध्ये झालं योहानेस. इथून पुढे ज्याच्या जिभेला जसं वळलं तसं. जर्मनांनी योहान ठेवलं, आणि शेंडा कापून उरलेल्या शेपटाचं हान्स केलं. डच, पोलिश आणि झेक लोकांनी यान केलं. डेन्मार्कमध्ये येन्स, हंगेरीत यानोश, फिनलंडमध्ये युहानी, ग्रीसमध्ये आज यानिस, इटलीत जोव्हानी, फ्रान्समध्ये जाँ, स्पेनमध्ये हुआन, सर्बियात योव्हान, रोमानियात इओन, आर्मेनियात होव्हानेस. इथिओपियात एकोणिसाव्या शतकात योहानेस नावाचा सम्राट होऊन गेला. न्यूझीलंडच्या माओरींनी मिशनऱ्यांकडून हे नाव घेतलं आणि त्याचं होने केलं. ब्रिटिशांचा झेंड्याचा खांब पुन्हा पुन्हा तोडणारा त्यांचा पुढारी होने हेके हा त्या नावाचा. इंग्रजी जॉनच्या स्पेलिंगमध्ये जो न उच्चारला जाणारा एच आहे ना, तो लॅटिन योहानेसमधल्या ‘हा’ची उरलेली खूण.

आयर्लंडची गंमत वेगळीच आहे. तिथे हे नाव दोनदा आलं. आधी चर्चच्या लॅटिनमधून आलं त्याचं ओवेन झालं, आणि मग बाराव्या शतकात नॉर्मन लोक आपलं फ्रेंच जेहान घेऊन आले त्याचं शॉन झालं. एकाच बेटावर एकाच नावाची ही दोन मुलं आजही एका वर्गात बसलेली असतात. वेल्समध्ये इव्हान, योआन, शोन, आणि स्कॉटलंडमध्ये इअन. इअन चॅपेल, इअन बोथम या नावांनी आपल्याकडची एक पिढी रेडिओला कान लावून बसलेली असायची. तेही सगळे यानच.

आणि आता आपल्याजवळ या. पोर्तुगीजमध्ये हे नाव जुआँव असं होतं आणि तेच गोव्यात पोचलं. चोवीस जूनला गोव्यात सांजाव साजरा होतो तो याच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण. पावसाने विहिरी भरलेल्या असतात. डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून, घुमट वाजवत, ‘व्हिवा सांजाव’ ओरडत पोरं गावभर हिंडतात आणि विहिरीत उड्या मारतात. मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली असं बायबलात आहे, त्याची ही आठवण म्हणतात. शिवोलीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. आणि ताई, या सणात सगळ्यांत मोठा मान कुणाचा असतो माहीत आहे? नव्या जावयाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावाला जावयाला सासरी बोलावतात, आपल्या पहिल्या दिवाळसणासारखं त्याचं कौतुक होतं, आणि मग गावातली पोरं त्यालाही विहिरीवर घेऊन जातात. तिकडे केरळातले सीरियन ख्रिस्ती हेच नाव योहन्नान आणि उलहन्नान असं लावतात. ते युरोपातून आलेलं नाही. सीरियाच्या भाषेतून आलं. म्हणजे या देशाला हे नाव परकं नाही. ते वेगवेगळ्या वाटांनी इथे येऊन कधीच मुरलं आहे.

चोवीस जून ही तारीख लक्षात ठेवा, ती तुमच्या नातवाची होणार आहे. ख्रिस्तजन्माच्या बरोबर सहा महिने आधी योहानाचा जन्म धरतात, म्हणून ती तारीख. उत्तरेकडे हे दिवस वर्षातले सगळ्यांत मोठे. त्यामुळे फिनलंडपासून पोर्तुगालपर्यंत या रात्री होळ्या पेटतात. लॅटव्हियात यानिस नावाच्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर ओकच्या पानांचा जाडजूड मुकुट घालतात. कोपेलाचा हा दूरचा भाऊच म्हणायचा. झेक प्रजासत्ताकात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एकेक नाव दिलेलं असतं आणि ज्याचं नाव त्या दिवशी येईल त्याला लोक शुभेच्छा देतात, फुलं देतात, एखादी भेट देतात. वाढदिवस वेगळा, हा नावाचा दिवस वेगळा. चोवीस जून हा यानचा दिवस. त्या सुमाराला तिकडे काजवे निघतात, आणि झेक लोक काजव्यांना चक्क ‘संत यानच्या माश्या’ म्हणतात. आपल्याकडे भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला लोक जातात, तोही साधारण हाच हंगाम.

इतकं हे नाव का फोफावलं, याचं कारण फक्त भक्ती नाही. मध्ययुगात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता मुलाला पुष्कळदा स्वतःचंच नाव द्यायची. म्हणजे एका जॉनने पाच मुलांचं धर्मपितेपण घेतलं की गावात आणखी पाच जॉन. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात साधारण दर चार पुरुषांत एक, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, जॉन सापडतात. इतके जॉन झाले की ओळखायला आडनावं लागली, आणि त्यांतलीही कितीतरी याच नावावरून आली : जॉन्सन, जोन्स, इव्हान्स, हान्सेन, येन्सेन, इव्हानोव्ह, योव्हानोविच. पोपनी घेतलेल्या नावांतही हेच सगळ्यांत वर. १९५८ साली निवडून आलेल्या पोपनी ‘तेविसावा योहान’ हे नाव घेतलं, तेव्हा त्यांनी कारणं सांगितली त्यांत एक असं होतं, की हे माझ्या वडिलांचं नाव आहे. 

अमेरिकेत सरकारी आकडेवारी १८८० पासूनची मिळते. तेव्हापासून १९२३ पर्यंत मुलांच्या नावांत जॉन सलग पहिला होता. १९२४ ला रॉबर्टने त्याला मागे टाकलं. आज तिथे तो पहिल्या दहांतही नाही. इंग्लंडमध्ये जॉन मागे पडला, पण त्याचंच लाडाचं रूप जॅक हे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. झेक प्रजासत्ताकात मात्र मूळ यानच अजून टिकून आहे. नवजात मुलांच्या यादीत तो अजूनही अगदी वरच्या नावांत असतो. तेव्हा तुमचा नातू बालवाडीत जाईल तेव्हा वर्गात आणखी एक-दोन यान असण्याची तयारी ठेवा. तिकडच्या मुलाला हे नाव कधी समजावून सांगावं लागणार नाही, कधी दोनदा उच्चारावं लागणार नाही. घरात दोन भाषा, दोन संस्कृती असलेल्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना आपलं नाव रोज दुरुस्त करत बसावं लागतं, आणि काही मुलं त्याला कंटाळून नाव सांगणंच टाळतात. 

तुम्ही शिकवलंयत म्हणून आणखी थोडं सांगते. डी.एड., बी.एड.ला कोमेनियस अभ्यासला असेल. मुलांना चित्रांतून शिकवावं म्हणून १६५८ साली ज्यांनी सचित्र पाठ्यपुस्तक काढलं, ते कोमेनियस. त्यांचं खरं नाव यान आमोस कोमेन्स्की. जन्म मोराव्हियातला, म्हणजे तुमची लेक राहते त्याच प्रांतातला. झेक देशात २८ मार्चला, त्यांच्या जन्मदिवशी, शिक्षक दिन असतो. ब्रनोच्या मठात मटाराचे वेल लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल आपण ग्रेगोर म्हणून शिकवतो. पण ते त्यांचं मठातलं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं नाव योहान, म्हणजे यानच. आणि ब्रनोतलं मोठं ऑपेरागृह ज्यांच्या नावाने आहे त्या संगीतकार यानाचेक यांचं आडनावही यानवरून आलेलं. लेकीकडे जाल तेव्हा मेंडेलांचा मठ जरूर बघून या. बाळंतपणाच्या गडबडीतही तासाभराची सवड निघते.

आता इवानबद्दल. भाच्याला रागावू नका. नावांच्या याद्या देणाऱ्या वेबसाइट वाटेल ते लिहितात. इवान संस्कृत नाही. तो या यानचाच रशियन, बल्गेरियन, क्रोएशियन अवतार. ग्रीक इओआनेसमध्ये स्वरामागून स्वर येत होते, त्यांच्या मध्ये ‘व’ शिरला आणि इवान झाला. म्हणजे बायबलातलं नाव नको म्हणून तुम्ही बायबलातलंच नाव सुचवलंत. आणि झेक लोकांना यान आणि इवान ही दोन वेगळी नावं वाटतात. त्यांच्या दिनदर्शिकेत चोवीस जूनला यान आणि पंचवीसला इवान आहे. इवान तिकडेही ठेवतात, टेनिसवाला इव्हान लेंडल हा झेकच. नाव वाईट नाही. पण ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे त्या देशात घुसले तेव्हा प्रागच्या भिंतींवर लोकांनी ‘इवान, घरी जा’ असं रंगवलं होतं. आणि पुढच्या जानेवारीत, त्या आक्रमणापुढे देश मान टाकतोय हे सहन न होऊन, वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने प्रागच्या मुख्य चौकात स्वतःला पेटवून घेतलं. त्याचं नाव यान पालाख. जावयाच्या आजोबांच्या पिढीने हे सगळं अनुभवलेलं आहे. त्या यान आजोबांच्या जागी इवान ठेवा असं फोनवर ऐकल्यावर तुमची लेक काय बोलणार? हा निरोप नवऱ्याला कसा सांगावा या विचारात ती पडली असणार. तुम्हाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, आणि तिलाही हे कळतं.

आपल्या रीतीनेही बघा. नाव ठेवायचा मान कुणाचा? आत्याचा. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते ती बापाची बहीण. आजोळी बारसं झालं तरी नाव बापाच्या घराण्याचं. आणि पणजोबांचं, आजोबांचं नाव मुलाला ठेवणं हे तर आपल्याकडे घरोघर होतं. सासऱ्यांचं नाव मुलाला ठेवलं की सुनेला ते तोंडाने घेता यायचं नाही, म्हणून त्याला घरात बाळ, अप्पा, नाना म्हणायचे आणि तेच जन्मभर चिकटायचं. झेक घरातही कागदावरचं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं. यानला तिकडे बहुतेक जण होन्झा म्हणतात, जर्मन हान्सच्या नात्यातलं नाव. हाक मारताना तेही बदलतं : होन्झो! कागदावरचा यान हाक मारताना याने होतो. तुम्ही मुलांकडून प्रथमा ते संबोधन अशा आठ विभक्त्या घोकून घेतल्या असतील. झेक भाषेत सात आहेत आणि त्यांतली पाचवी संबोधन. रामाचं ‘रामा’ करणाऱ्या माणसाला यानचं ‘याने’ करायला अवघड जाणार नाही. जावयासमोर एकदा बरोबर विभक्तीत हाक मारून दाखवा, त्याला किती आनंद होईल बघा.

दिरांच्या चांद्रयानाला फार मनावर घेऊ नका. झेक उच्चारातला ‘या’ आपल्या यानापेक्षा आखूड असतो, यन आणि यान यांच्या मधला. देवनागरीत मात्र यानच लिहा. ज-न लिहिलंत तर लोक जन म्हणतील, जान लिहिलंत तर हिंदी गाण्यातली जान होईल. चार महिन्यांत घरातल्या सगळ्यांच्या तोंडी नाव बसतं, मग कुणाला अवकाशयान आठवत नाही.

तुमच्या मनात एखादं मराठी नाव असेल तर त्याला वाट आहे. झेक कायद्याप्रमाणे मुलाची दोन नावं नोंदवता येतात. पहिलं यान, दुसरं मराठी. लेकीला हे विचारा, मागू नका. आणि नाव सुचवण्याआधी ते झेक कानाला कसं लागतं ते जावयाकडून नक्की तपासून घ्या. उदाहरण सांगते. योहानचा अर्थ ‘देवाची कृपा’, म्हणून तुम्हाला प्रसाद हे नाव अगदी चपखल वाटेल. मलाही वाटलं असतं. पण झेकमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘द’ उच्चारताना ‘त’ होतो, आणि प्रसातसारखा उच्चार असलेला शब्द तिथे डुकरांसाठी आहे. बिचाऱ्या मुलाला शाळेत त्रास होईल. अनंत, मिहिर, रोहन, आदित्य अशी सोपी नावं घेऊन बसा. जोडाक्षरं कमी असलेली, शेवटी द, ग, ब नसलेली नावं तिकडे बरी चालतील. आणि दोघं नको म्हणाली तर घरातलं नाव तुमचं. आजीने मारलेल्या हाकेला कुठल्याच कचेरीची परवानगी लागत नाही.

फोन या रविवारीच करा, लेक आणि जावई दोघं घरात असतील अशा वेळी. तिकडची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. तेव्हा आपली दुपार बरी पडेल. ‘इवान राहू दे, यानच ठेवा’ हे पहिल्या वाक्यात सांगून टाका, म्हणजे लेकीच्या छातीवरचं दडपण उतरेल. मग जावयाला त्याच्या आजोबांबद्दल विचारा. काय काम करायचे, राहायला कुठे होते, रागीट होते की थट्टेखोर, त्याला काय शिकवलं त्यांनी, आणि घरात त्यांना यान म्हणायचे की होन्झा.